दहा फुटांची खोली आणि पंच्याऐंशीची लेन्स

गुरुवारी ऑपरेशन होतं. आधीच्या शनिवारी सकाळी सगुणाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, डाव्या गालावर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "अहो, ह्या तोंडाचा एक चांगला फोटो काढून घ्या. गुरुवारनंतर हे ऱ्हाणार न्हाई."

पुंजाराम गुरुजींनी वर्तमानपत्र तोंडासमोरून बाजूला केलं नाही. केलं असतं तर डोळे दिसले असते.

"काढू की," ते पेपरामागून म्हणाले. "त्यात काय एवढं."

गुरुजी चौतीस वर्षं खेड्यापाड्यांच्या शाळांत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि जालन्यात मस्तगडातल्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं डिजिटल कॅमेरा घेतला आणि दोन वर्षांत गल्लीतली एक वस्तू सोडली नाही. पाणी भरणाऱ्या बाया, उन्हात झोपलेली कुत्री, समोरच्या कमरोद्दीनची घड्याळं, सगळ्यांचे फोटो झाले. राहिल्या फक्त सगुणाबाई. एकदाच गुरुजींनी त्यांना स्वयंपाक करताना जवळून टिपलं होतं. तो फोटो पाहून त्या म्हणाल्या होत्या, "ह्याच्यात माझं नाक आधी आलंय, मी मागून येऊन राह्यले." त्यानंतर कॅमेरा दिसला की त्या पदर तोंडावर ओढायच्या.

मिसरीची सवय त्यांना माहेरपासून होती. आधी हिरडीला फोड आला, मग गाठ झाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी कागदावर जबड्याचं चित्र काढून, डावीकडची बाजू पेनानं खोडून दाखवली होती. एवढं काढावं लागेल, गालही थोडा जाईल, पण जीव वाचेल. गुरुजींनी विचारलं, "आणि बोलणं?" डॉक्टर म्हणाले, "बघू." जन्मभर चित्रं तपासलेल्या गुरुजींच्या डोळ्यांसमोरून ती खोडलेली बाजू काही केल्या जात नव्हती. गेले तीन आठवडे ते बायकोशी बोलताना तिच्या खांद्याकडे बघून बोलत होते.

त्या शनिवारीच त्यांनी कॅमेरा काढला आणि अडचण लक्षात आली. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स जवळून धरली की नाक पुढं यायचं. लांब उभं राहून ती पुढं खेचली की तिला उजेड पुरायचा नाही, फोटो हलायचा. फ्लॅश मारला तर सगुणाबाई रेशनकार्डावरच्या दिसायच्या.

"चेहऱ्याची वेगळी लेन्स लागती," गुरुजींनी जाहीर केलं आणि रस्ता ओलांडून कमरोद्दीनच्या दुकानात गेले.

कमरोद्दीन घड्याळं दुरुस्त करायचा, त्यासोबत कॅमेरेही उघडायचा. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, पन्नासची घ्या. झूम न्हाई, काही न्हाई, पण उजेड भरपूर खाती. तुमच्या कामाला बराबर."

"पन्नास?" गुरुजी दुखावले. "अरे, चेहऱ्याला पंच्याऐंशीच. आमच्या हेडमास्तरांकडं होती. मी काढलेला त्यांच्या आईचा फोटो केंद्रातल्या सगळ्या शाळांत फिरला व्हता."

"तो रिळाचा जमाना, गुरुजी. तुमच्या ह्या कॅमेऱ्यात आतला सेन्सर रिळापेक्षा लहान हाय." कमरोद्दीननं डब्यातली भाकरी काढली आणि चहूबाजूंनी कडा मोडून मधला चौकोन पुढं धरला. "ही बघा. लेन्स अख्खी भाकरी देती, कॅमेरा एवढाच तुकडा खातो. म्हणून पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी वागती, आणि पंच्याऐंशीची सव्वाशेच्या पुढं जाती. लई मागं सरावं लागल तुम्हाला. घर केवढं तुमचं?"

"घराचं काय काढतो? फोटो तिचा काढायचाय, घराचा न्हाई."

"तेच सांगून राह्यलो मी."

गुरुजींना ते पटलं नाही असं नाही. पण आयुष्यात एकदा त्यांचा एक फोटो नावाजला गेला होता आणि तो पंच्याऐंशीनं काढलेला होता. बायकोच्या शेवटल्या फोटोत, शेवटल्या म्हणजे ह्या तोंडाच्या शेवटल्या, त्यांना भाकरीचा प्रयोग नको होता.

सोमवारी रक्ताचे रिपोर्ट आणायला ते औरंगाबादला गेले आणि रिपोर्ट पिशवीत टाकून कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले. दुकानदारानं दोन्ही लेन्सा काचेवर ठेवल्या. तोही पन्नासची घ्या म्हणाला. गुरुजींनी पन्नासची लावून बघितली, ठीक वाटली. मग पंच्याऐंशीची लावली आणि दुकानाच्या पार टोकाला स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या नोकराकडं रोखली. मागची सगळी खोकी विरघळून गेली आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा वर आला, की गुरुजींना त्याच्या सुरकुत्यांत त्याचं अख्खं गाव दिसलं.

"हीच द्या," ते म्हणाले.

दुकान तीस फूट लांब होतं. गुरुजींची खोली दहा फूट होती. हे गणित त्यांना परतीच्या एसटीत बदनापूरच्या पुढं सुचलं, आणि त्यांनी ते खिडकीबाहेर सोडून दिलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता सगुणाबाई न्हाऊन, हिरवं इरकल नेसून, कपाळभर कुंकू लावून मागच्या भिंतीला लागून खुर्चीवर बसल्या. समोरच्या दारातून कोवळा उजेड येत होता. कमरोद्दीनची बायको रहिमाबी गजरा घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या अंबाड्यात माळून गेली.

"दोन्ही गाल आले पायजेत," सगुणाबाई म्हणाल्या. "एका बाजूनं काढून लपवाछपवी करू नका."

गुरुजींनी कॅमेरा डोळ्याला लावला. आत फक्त एक डोळा होता.

एकच डोळा, चौकटभर. तीन आठवडे ज्याच्याकडं बघायचं टाळलं तो. बाई तोंडानं शांत होती, पण डोळा शांत नव्हता. गुरुजी चटकन मागं सरले. पाठ कपाटाला लागली. आता नाक आणि दोन्ही डोळे आले. कपाळ आणि हनुवटी बाहेरच.

"कपाट काढावं लागतंय," ते म्हणाले.

कमरोद्दीनला हाक मारून दोघांनी कपाट गल्लीत नेलं. मग पलंग आडवा आला, पलंग गेला. पत्र्याची पेटी गेली, शिलाई मशीन गेलं. गुरुजी सरकत सरकत दारापर्यंत पोचले. तिथून चेहरा छान बसला. पण खोलीतला सगळा उजेड त्या दारातूनच येत होता आणि दारात आता गुरुजी होते.

"अंधार झाला की हो," सगुणाबाई आतून म्हणाल्या.

"सगुणा, तू जरा बाहेर ओट्यावर येऊन बस."

"रस्त्यावर बसून फोटो काढायला मी काय इलेक्शनला उभी हाय? बिलकुल न्हाई. आणि हे बघा, कपाटामागं काय निघालं!"

कपाटामागच्या भिंतीवर वीस वर्षांची जळमटं होती. आता सामान हलल्यावर ती उघडी पडून लोंबत होती. सगुणाबाई खुर्चीवरून उठल्या. गुरुजी म्हणाले, की ही भिंत फोटोत येणारच नाही, जळमट दिसणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या लेन्सला न्हाई दिसणार, मला दिसून राह्यलं ना," आणि केरसुणी हातात घेतली. भिंत झाडली, मग फरशी पुसली. इरकल खराब झालं, मग दुसरं, लाल काठाचं लुगडं नेसल्या. ह्या सगळ्याला दीड तास गेला.

तेवढ्या वेळात गल्लीत काय झालं, ते आत कोणालाच कळलं नाही.

बाहेर पलंग उभा करून ठेवलेला होता. कपाट, पेटी, सगळं सामान रस्त्यावर. सगुणाबाईंना मोठा आजार आहे हे गल्लीला ठाऊक होतं. कमरोद्दीन दुकानासमोर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून 'हळू' म्हणत होता, फोटोत व्यत्यय नको म्हणून. कोपऱ्यावरच्या केशरबाईंनी हे सगळं लांबून बघितलं आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, घरात गेल्या आणि हसनाबादला सगुणाबाईंच्या भावाकडं, साहेबरावांकडं, फोन लावला.

"सगुणा गेली," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं रडू साहेबरावांनी ऐकलं.

साडेनऊला गुरुजी दार सोडून गल्लीत उतरले. आता दाराची चौकट, चौकटीच्या आत सगुणाबाई, तोंडावर स्वच्छ उजेड, अगदी चित्रासारखं. बोट बटणावर गेलं, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक जीप येऊन थांबली आणि ती थांबण्याआधीच तिच्यातून रडण्याचा आवाज खाली उतरला.

दहा-बारा माणसं होती. साहेबराव पुढं. त्यांच्या डोक्याला टोपी नव्हती. त्यांनी गुरुजींना मिठी मारली. "दाजी, आमाला कळवायचं तरी!" गुरुजींना वाटलं, फोटोचं बोलतायत. "अहो, घाई झाली," ते म्हणाले, "परवा ऑपरेशन हाय, म्हणून आजच उरकून घेतलं."

साहेबरावांना ह्याचा अर्थ लागला नाही. तोवर त्यांची बायको सोनूबाई आत घुसल्या होत्या. खुर्चीवर नव्या लुगड्यात, गजरा माळून, ताठ बसलेली नणंद बघून त्यांनी टाहो फोडला, "बसवलं गं माझ्या बाईला!" आणि गळ्यात पडल्या.

"वहिनी," सगुणाबाई म्हणाल्या, "घडी मोडल माझी."

सोनूबाईंनी जी किंकाळी मारली, तिनं कमरोद्दीनच्या दुकानातली माणसं बाहेर आली. बाया दारातून मागं पळाल्या, पुरुष पुढं आले, आणि मधे दहा फुटांच्या खोलीत कोणाचं पाऊल कोणाच्या पायावर होतं ते कळेना. सगळं उलगडायला बराच वेळ लागला. केशरबाई कोपऱ्यावरून येत होत्या, त्या अर्ध्यातूनच परत फिरल्या.

मग कोणीतरी हसलं. बहुतेक रहिमाबी. हसू सगळ्या खोलीत पसरलं आणि सगुणाबाईही गाल धरून हसल्या, दुखत असताना. फक्त साहेबराव हसले नाहीत. ते भिंतीला टेकून खाली बसले होते.

"दादा," सगुणाबाई म्हणाल्या, "तीन महिने झाले मला हे होऊन. एकदा आला न्हाईस. मेले म्हणल्यावर एका तासात आलास."

"मला बघवलं नसतं, सगे."

"मेलेली बघवणार व्हती?"

धाकट्या बहिणीच्या पायांजवळ बसून साहेबराव टोपी नसलेल्या डोक्यावर हात फिरवत राहिले. सगुणाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जसं काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "उठ आता. उजेड चालला. ह्यांना फोटो काढू दे."

सगळे खोलीबाहेर आले. कमरोद्दीननं दोन्ही हात पसरून लोकांना भिंतींकडं सारलं. मधली वाट मोकळी झाली. सगुणाबाईंनी डोळे पुसले, पदर सावरला आणि खुर्चीवर बसल्या. दारातून दिसणारी बाई आता मघासारखी नव्हती. रडून तिचे डोळे लाल होते आणि हसून चेहरा सैल पडला होता. गुरुजींनी कॅमेरा लावला. मांडीवरचे दोन्ही हात आले तर बरं, असं त्यांना वाटलं. त्या हातांनी तेहेतीस वर्षं त्यांना भाकरी वाढली होती. ते एक पाऊल मागं सरले. बोटं आली, मनगटं येईनात. आणखी एक पाऊल.

कमरोद्दीनच्या दुकानासमोरच्या नालीवरची फरशी दिवाळीपासून फुटलेली होती. गल्लीत ती सगळ्यांना माहीत होती, गुरुजींनाही. पण गुरुजी त्या क्षणी गल्लीत नव्हते. ते सव्वाशेच्या पुढच्या लेन्समधून बायकोच्या चेहऱ्यात होते.

सगुणाबाईंना दिसलं. त्या खुर्चीवरून अर्ध्या उठल्या, पदर घसरला, हात पुढं आला आणि त्यांनी जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"पुंजाराऽऽम!"

गल्ली गार झाली. तेहेतीस वर्षांत सगुणाबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हाही त्या लाजून नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. त्या नावानं दचकून गुरुजींचं बोट बटणावर दाबलं गेलं, आणि पुढच्याच क्षणाला ते कॅमेरा छातीशी धरून नालीत गेले.

कॅमेरा वाचला. पायाचा घोटा मोडला.

सगुणाबाईंच्या मयताला आलेल्या जीपमध्ये गुरुजींना आडवं घालून हाड बसवायला नेलं. वाटेत सोनूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आलो ते बरंच झालं म्हणायचं." बुधवारी त्याच जीपनं दोघं औरंगाबादला गेले, एक प्लास्टरमध्ये आणि एक शाबूत. साहेबराव पुढं बसले होते. ते नंतर पंधरा दिवस तिथून हलले नाहीत.

ऑपरेशन सात तास चाललं. गुरुजी बाकावर पाय लांब करून बसले होते. कॅमेरा पिशवीत होता, पण त्यातला फोटो त्यांनी बघितला नाही. एकच फोटो निघालाय, तोही पडता पडता. काय आला असणार, हलका धूसर डाग. एवढ्या मोठ्या जिद्दीनं लेन्स आणली, आणि बायकोनं मागितलेली एक गोष्ट आपल्याच्यानं झाली नाही. हे त्यांना घोट्यापेक्षा जास्त ठणकत होतं.

सगुणाबाई वाचल्या. पट्ट्या निघाल्यावर नर्सनं आरसा पुढं केला, त्यांनी तो हातानं बाजूला सारला. डावी बाजू आत गेली होती. शब्द तोंडातच ओले होऊन पडायचे. काही सांगायचं असलं की त्या खुणा करायच्या, आणि गुरुजींना खूण कळली नाही की भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. पण गुरुजी आता त्यांच्या खांद्याकडं बघून बोलत नव्हते. खुणा वाचायच्या तर तोंडाकडंच बघावं लागायचं.

महिन्यानं दोघं घरी आल्यावर कमरोद्दीननं एक दिवस कॅमेऱ्यातलं कार्ड काढून नेलं आणि संध्याकाळी मोठा फोटो छापून आणला. तो गुरुजींच्या मांडीवर ठेवून उभा राहिला.

धूसर काही नव्हतं. मागची भिंत, खुर्ची, दाराची चौकट, सगळं विरघळलेलं. आणि त्यातून वर आलेला सगुणाबाईंचा चेहरा, दोन्ही गाल भरलेले, डोळे विस्फारलेले, आणि तोंड पूर्ण उघडलेलं. मिसरीनं काळे झालेले सगळे दात दिसत होते. तोंड 'रा' वर होतं.

"पन्नासची असती," कमरोद्दीन हळू म्हणाला, "तर मंगळवारी घरातल्या घरात सात वाजता फोटो झाला असता. चांगला आला असता. गप बसलेल्या बाईचा."

गुरुजींनी फोटो पालथा घातला. असा फोटो बायकोला दाखवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. जे गेलं ते सगळंच ह्यात उघडं होतं. पण सगुणाबाईंनी आतून बघितलं होतं. त्या आल्या, फोटो उचलला, दाराशी उजेडात नेला आणि इतका वेळ बघत उभ्या राहिल्या की कमरोद्दीन चप्पल घालून निघून गेला. मग त्यांनी फडताळातून खिळा काढला, गुरुजींच्या हातात हातोडी दिली आणि भिंतीवरची जागा बोटानं दाखवली.

डॉक्टरांनी बोलण्याचा सराव सांगितला होता. तोंड जमेल तेवढं उघडून एकच शब्द रोज सकाळी वीस वेळा म्हणायचा. शब्द कोणताही चालेल. तोवर सगुणाबाई कंटाळा करत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, त्यातल्या बाईच्या तोंडाकडं बघत तसं तोंड करायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या,

"ऊं...हाह."

"ओ," बाहेरच्या खोलीतून गुरुजी म्हणाले.

सगुणाबाईंनी वळून रागानं बघितलं. हातानं खूण केली: तुम्हाला नाही बोलावलं, सराव चाललाय. पुन्हा भिंतीकडं वळल्या.

"ऊंहाह."

"ओ."

तिसऱ्यांदा त्यांनी पायातली चप्पल दाखवली. मोजणी चुकत होती. पण गुरुजींना गप्प बसवेना. आवाज आला की ओ बाहेर पडायचाच. समोर दुकानात कमरोद्दीन भिंग लावून घड्याळावर वाकलेला असायचा, त्यालाही ती हाक आणि तो ओ ऐकू यायचा. विसावी झाली की तो मान वर न करता म्हणायचा, "झाल्या बरं का, वहिनी." मग गल्ली पुन्हा आपल्या कामाला लागायची.

एक दिवस वीस झाल्यावर आतून पुन्हा आवाज आला. जरा घाईचा, वैतागलेला. गुरुजी मोजणी धरून बसले होते. एकविसावी कशी, म्हणून ते थबकले आणि काठी टेकत आत गेले.

सगुणाबाई फोटोसमोर नव्हत्या. चुलीपाशी उभ्या होत्या, आणि बशीत ओतलेल्या चहाकडं बोट दाखवत होत्या. तो गार होऊन राह्यला होता.